हलकी शिकारी रायफल: बांधून घ्यायची की दुकानातून उचलायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, एकदा घाईत आणि एकदा चहा घेऊन. तुम्ही मूळचे बडोद्याचे, नोकरी न्यूझीलंडला टिमारूमध्ये, दोन वर्षं मित्राच्या उसन्या .३०८ कॅलिबरच्या रायफलने रेड डियर हरणं मारलीत, आता वर डोंगरात टार आणि शॅमॉय या रानबकऱ्यांसारख्या जनावरांच्या मागे जायचंय म्हणून स्वतःची हलकी रायफल हवीय. तिथला एक गनस्मिथ जुन्या रेमिंग्टन ७०० च्या ऍक्शनवर (म्हणजे बोल्ट बसतो तो रायफलचा मधला लोखंडी भाग) कार्बन बॅरल लावून ७ एमएम-०८ कॅलिबरमध्ये २.३ किलोची रायफल बांधून देतो म्हणतोय, साडेआठ हजार डॉलर आणि दहा महिने थांबा. दुसरीकडे दुकानात टिक्का टी३एक्स लाइट तयार उभी आहे, ती जवळपास २.९ किलोची आणि किंमत पाव-एक. उंची पाच फूट पाच इंच, वजन ६२ किलो. आणि शेवटी विचारलंय, "काका, कस्टम घेतली तर आयुष्यभराचा प्रश्न मिटेल ना?"

नाही मिटणार, हे आधीच सांगून टाकतो, पण का ते समजून घ्या.

मी कोण तर फौजेच्या ईएमई या दुरुस्ती विभागात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, शेवटचं पोस्टिंग महू, घर इंदूरला लोकमान्य नगरात. रिटायर झाल्यावर २००६ ला थोरल्या भावाकडे क्राइस्टचर्चला गेलो आणि बारा वर्षं तिथल्या एका छोट्या गनस्मिथच्या वर्कशॉपमध्ये बेंचवर काम केलं, बेडिंग (ऍक्शन स्टॉकमध्ये घट्ट बसवणं), रिबॅरल (नवं बॅरल लावणं), स्टॉक म्हणजे दस्ता कापणं, सगळं. आता परत इंदूरला, इथे शूटिंग शिकणाऱ्या पोरांचे एअर रायफलचे स्टॉक बसवून देतो. तर फॅक्टरीच्याही शेकड्यांनी हातातून गेल्या आणि कस्टमही बऱ्याच बांधल्या, कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.

तुम्ही विचारलंय कस्टम की फॅक्टरी, पण तुमचा खरा प्रश्न तो नाहीये. खरा प्रश्न असा आहे की किती हलकी रायफल तुम्हाला *मारता* येते, नुसती उचलता नाही. आणि दुसरा, ती तुमच्या अंगाला बसते का. हे दोन सुटले की तिसरा पैशाचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो.

वजनापासून सुरू करू कारण सगळे तिथेच फसतात. दुकानदार आणि गनस्मिथ दोघंही नागड्या रायफलचं वजन सांगतात, डोंगरात नागडी रायफल कोणी नेत नाही. टिक्का धरा २.९ किलो, त्यावर बरा हलका स्कोप ३८० ग्रॅम, रिंग ८० ग्रॅम, सप्रेसर म्हणजे बॅरलच्या टोकाला लावायची आवाज कमी करणारी नळी ३२० ग्रॅम (तिथे सप्रेसर सर्रास वापरतात, तुम्हीही लावाच, कान आयुष्यभर पुरवायचेत), पट्टा १०० ग्रॅम, चार राउंड म्हणजे ९० ग्रॅम. झाले ३.८७ किलो. तीच बेरीज कस्टमवर केली तर ३.२७. फरक ६०० ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि वर एक सफरचंद. पाठीवर १८ किलोची सॅक, त्यात तंबू, स्लीपिंग बॅग, तीन दिवसांचं खाणं, तिथून ६०० ग्रॅम काढायचे शंभर मार्ग आहेत आणि ते सगळे हजारो डॉलरपेक्षा स्वस्त आहेत. परत येताना टारची मांडी आणि कातडं सॅकमध्ये भरलं की रायफलचे ग्रॅम कोणाला आठवत पण नाहीत.

पण हेही खरं की रायफल सॅकमध्ये नसते, ती हातात असते. दगडांच्या उतारावर आठ तास एका हाताने रायफल सांभाळणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळतं, तिथे ६०० ग्रॅम नक्की जाणवतात, मी नाकारत नाही. तुमची चाल कशी आहे, किती वेळा जाणार, हेलिकॉप्टरने वर उतरणार की खालून नदीच्या पात्रातून चालत चढणार, यावर बरंच अवलंबून आहे. वर्षातून दोन वीकेंड जाणार असाल तर ६०० ग्रॅमचं एवढं कौतुक नको. वीस दिवस जाणार असाल तर मग बोलू.

आता या हलकेपणाची दुसरी बाजू, जी कॅटलॉगमध्ये छापत नाहीत. गोळी आणि बारूद तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या उलट्या प्रमाणात जाते. चार किलोची रायफल तीन किलोची केली तर धक्का एक तृतीयांशाने वाढतो, यात कुठला गनस्मिथ काही करू शकत नाही, हे न्यूटनचं काम आहे. तुमच्या हिशोबात ३.८७ वरून ३.२७ म्हणजे साधारण १८ टक्के जास्त. ७ एमएम-०८ मध्ये १८ टक्के चालून जातील, कॅलिबर तुम्ही शहाणपणाने निवडलंय (१९८० ला रेमिंग्टनने .३०८ ची केस सात एमएमला आवळून आणलं, धक्का थोडा कमी आणि गोळी वाऱ्यात जरा जास्त सरळ). टारला, शॅमॉयला भरपूर होतं. पण धक्क्यापेक्षा मोठी गोष्ट स्थिरतेची. जड रायफल तुमच्या चुका झाकते, हलकी रायफल त्या चव्हाट्यावर आणते. चढून आल्यावर छाती धडधडतेय, घाम थंड होतोय, जनावर अडीचशे मीटरवर उभं राहून तुमच्याकडे बघतंय, अशा वेळी पेन्सिलसारखं बॅरल नाडीच्या प्रत्येक ठोक्याला उड्या मारतं. घोडा जरा ओढून दाबला की जड रायफल जागची हलत नाही, हलकी लगेच बाजूला जाते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, भोगलेलं आहे. २००८ ला मला पण हेच वेड लागलं होतं. स्वतःसाठी .३०० डब्ल्यूएसएम या दणकट कॅलिबरची रायफल बांधली, नागडी २.२ किलो, सगळीकडून वजन काढलं, बोल्टच्या मुठीला भोक पाडलं, बॅरल एकदम बारीक, आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यांना हातात देऊन देऊन दाखवली. त्या काळात सप्रेसर पण नाही लावला, वजन वाढेल म्हणून! बेंचवर तीन गोळ्या एका डॉलरच्या नाण्यात बसल्या. मग पहिल्याच फेरीला चढावर पालथा झोपून वरच्या अंगाला मारायची वेळ आली, वर नेम धरला की डोकं स्कोपच्या जवळ सरकतं हे मी पोरांना शिकवतो, आणि स्वतः विसरलो. स्कोपची कड भुवईत घुसली. रक्त डोळ्यात, टार गेला ते गेलाच, चार टाके पडले. पण टाक्यांचं काही नाही, ते दहा दिवसांत निघाले. त्यानंतर वर्षभर मी घोडा दाबताना डोळे मिटत होतो. चोवीस वर्षं फौजेत हत्यारं दुरुस्त करून टेस्ट फायर केलेला माणूस, आणि डोळे मिटतोय! शेवटी .२२३ ही छोट्या कॅलिबरची रायफल घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, नव्या रिक्रूटसारखी. ती रायफल मी घेतली त्याच्या निम्म्या किमतीत विकली. कस्टमचं हेही लक्षात ठेवा, तुमच्या आवडीने बांधलेली वस्तू दुसऱ्याला तितकी आवडत नाही, विकायला काढली की फार पडते.

आता अंगाला बसण्याचं. इथे मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली जी तुम्ही सहज लिहून गेलात, पाच फूट पाच इंच. बहुतेक फॅक्टरी स्टॉकची लांबी, म्हणजे घोड्यापासून बटच्या रबरापर्यंत, साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. ती बनवलीय तुमच्याहून उंच माणसाच्या हाताला. तुमच्या बांध्याला पावणेतेरा-तेराच्या आसपास लागेल, आणि वर जाडजूड जॅकेट घातलं की अजून अर्धा इंच कमी पाहिजे. लांब स्टॉक असला की माणूस काय करतो, डोकं पुढे ताणतो, बट खांद्याच्या खळग्यात न बसता दंडाच्या हाडावर बसतो, डोळा स्कोपच्या मागे नीट येत नाही, चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर दिसते आणि ती घालवायला तो मान वाकडी करतो. मग म्हणतो रायफल लाथ मारते. रायफल लाथ मारत नाही हो, शर्ट मोठा झालाय.

शर्टावरून आठवलं. आपल्याकडे लग्नाचा सूट घ्यायचा तर दोन रस्ते. शीतलामाता बाजारातून कापड घेऊन मास्टरजींकडे टाकायचा, तीन ट्रायल, तरी लग्नाच्या आदल्या दिवशी बाही आखूड. नाहीतर रेडीमेड उचलायचा आणि त्याच मास्टरजींकडून कमर आणि बाही आल्टर करून घ्यायची. माझं म्हणणं तुमच्या बाबतीत तेच आहे, रेडीमेड घ्या आणि आल्टर करा. टिक्काचा प्लास्टिकचा स्टॉक कापून रबर परत बसवणं हे कुठल्याही बऱ्या गनस्मिथचं दुपारभराचं काम आहे. मी अशी कितीतरी कापली, मास्किंग टेप गुंडाळायचा, काटकोनात धरायचं, बारीक दाताची करवत, मग कडा सॅंडिंगने रबराशी एकजीव. एक फिलिपिनो नर्स होती, माझ्या खांद्याला लागणारी, तिची रायफल दोनदा विकायला निघाली होती "फार धक्का मारते" म्हणून. सव्वा इंच कापलं, स्कोप पाऊण इंच मागे घेतला. रायफल तीच, राउंड तोच, दुसऱ्या आठवड्यात केक घेऊन आली.

फॅक्टरी रायफल निर्दोष असते असं नाही. टिक्का ही साकोच्याच कारखान्यातली, फिनलंडची, बॅरल आणि ट्रिगर त्या किमतीत तोंडात बोट घालायला लावतात, बोल्ट लोण्यासारखा. पैसे कुठे वाचवलेत तर स्टॉकमध्ये आणि मॅगझिनमध्ये, दोन्ही प्लास्टिक. स्टॉकचा पुढचा भाग लवचिक आहे, बायपॉडवर (पुढे लावायच्या दोन पायांच्या टेकूवर) जोर टाकला किंवा पट्टा हाताला गुंडाळून ताणला की तो बॅरलला टेकू शकतो आणि नेम सरकतो. यावर उपाय, एकतर बायपॉडऐवजी सॅकवर मारा (डोंगरात तेच बरं) किंवा नंतर स्टॉकच बदला. जुन्या टी३ मध्ये रिकॉइल लग, म्हणजे ऍक्शनचा धक्का स्टॉकवर घेणारा तुकडा, ऍल्युमिनियमचा होता, २०१६ च्या टी३एक्सपासून स्टीलचा आहे, म्हणून जुनी सेकंडहँड मिळत असेल तर उघडून तो लग दबलाय का बघा. ऍक्शनचे स्क्रू अंदाजाने आवळू नका, टॉर्कचा पाना घ्या, सांगितलंय तेवढंच. आणि ऍक्शन एकाच लांबीची आहे, छोट्या कॅलिबरला पण तीच लांब, म्हणून शॉर्ट ऍक्शनवाले ग्रॅम तिथे वाचत नाहीत. खटकतं हे, पण शिकारीत काही बिघडत नाही.

बारीक बॅरलचं एक, फॅक्टरी असो की कस्टम. तीन गोळ्यांनंतर ते तापतं आणि ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका, सरकायला लागतो. लोक बेंचवर बसून दहा-दहा गोळ्या मारतात आणि रायफलला शिव्या देतात. शिकारी रायफलला एकच गोळी मोजायची, थंड बॅरलची पहिली. मी गिऱ्हाइकाला असं सांगायचो की एक कागद घे, पाच वेगवेगळ्या सकाळी जा, रोज एकच गोळी त्याच कागदावर, आणि कागद घडी करून ठेव. पाचव्या दिवशी जो ग्रुप दिसेल तो तुझा आणि तुझ्या रायफलचा खरा ग्रुप. बेंचवर पाऊण इंच सांगणाऱ्या भल्याभल्यांचा या कागदावर तीन इंच निघायचा, आणि त्यात रायफलचा दोष फार थोडा.

बरं, आता कस्टमची बाजू, नाहीतर म्हणाल काका एकतर्फी बोलतात. चांगली बांधलेली हलकी रायफल ही फार सुंदर वस्तू असते. पण चांगली म्हणजे मुळापासून हलकी *विचार केलेली*. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्सने १९८० च्या दशकात जे केलं ते बघा, मॉडेल २० ची अख्खी ऍक्शनच २० औंसाची, म्हणजे ५७० ग्रॅमच्या आत, केव्हलार-कार्बनचा कडक स्टॉक आणि बॅरल हवेत न ठेवता टोकापर्यंत स्टॉकला टेकवून बसवलेलं. भोकं पाडून वजन काढलेलं नाही, प्रत्येक भाग दुसऱ्याला धरून आहे. याच्या उलट, जड ऍक्शन घ्यायची आणि मग तिला भोकं, बोल्टला चर, हलकी फायरिंग पिन असं करत ग्रॅम खरवडायचे, हे मला पटत नाही. पिन हलकी केली आणि स्प्रिंग जेमतेम असली, त्यात बोल्टमध्ये तेल घट्ट झालेलं, की उणे पाचमध्ये पहाटे "टिक" आवाज येतो आणि गोळी सुटत नाही. मी पाहिलंय, आणि ज्याच्या हातात वाजलं त्याचा चेहरा पण पाहिलाय.

कार्बन बॅरलबद्दल थोडा गैरसमज आहे. आतून पातळ स्टील आणि वरून कार्बनचं वेष्टण, म्हणून त्याच *जाडीच्या* स्टील बॅरलपेक्षा ते हलकं. पण साधं बारीक स्टीलचं बॅरल बहुतेकदा कार्बनवाल्यापेक्षाही हलकं असतं आणि किंमत तुकडाभर. कार्बन घ्यायचं तर जाडीचा कडकपणा कमी वजनात मिळतो म्हणून घ्या, सगळ्यात हलकं म्हणून नको. तुमच्या गनस्मिथला नुसतं विचारा की याच रायफलवर बारीक स्टील लावलं तर वजन किती आणि पैसे किती, त्याच्या उत्तरावरून माणूस कळेल.

अजून काय विचाराल, तर चेंबर, म्हणजे राउंड बसतो ती बॅरलमधली पोकळी, कशाने कापणार. स्पर्धेची सवय असलेले लोक चेंबर अगदी तंग ठेवतात, कागदावर छान दिसतं, पण डोंगरात धूळ, बर्फ, ओला राउंड, आणि बोल्ट बंद होत नाही. राजस्थानात वाळूत हत्यारं सांभाळलेल्या माणसाला विचारा, थोडी ढिलाई ही देणगी असते. दुकानातला कुठलाही राउंड बिनतक्रार आत गेला पाहिजे, मॅगझिनमधले चारही, उलटं-सुलटं, सावकाश आणि जोरात, हे डिलिव्हरी घेताना समोर करून दाखवायला सांगा. फीडिंगचं, म्हणजे राउंड मॅगझिनमधून अडखळत न जाता चेंबरमध्ये जाण्याचं काम हे कस्टममधलं सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणून तेच राहून जातं.

आणि जुनी रेमिंग्टन ७०० म्हणालात ना. १९६२ पासूनची ऍक्शन, जगभरचे कस्टमवाले तिच्याच मापावर स्टॉक आणि ट्रिगर बनवतात, म्हणून आधार म्हणून ती चांगलीच आहे. पण त्यातला मूळ ट्रिगर ठेवू नका. तिच्या जुन्या ट्रिगरवर कोर्टकज्जे झालेत, आणि २००६ ते २०१४ मधल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली तर कंपनीनेच २०१४ ला परत मागवल्या, घोडा न दाबता गोळी सुटू शकते म्हणून. कोटेशनमध्ये नवा ट्रिगर लिहिलाय का ते आज बघा.

दहा महिने हे पण ऐकीव धरा. आमच्याच वर्कशॉपचे मालक एकदा छातीत दुखून दवाखान्यात गेले आणि सहा गिऱ्हाइकांच्या उघडलेल्या ऍक्शन वर्षभर फडताळात पडून, मी एकटा किती करणार, लोक फोनवर ओरडायचे आणि त्यांचं चूक नव्हतं. एकट्या माणसाचं दुकान असेल तर हे होणारच. फॅक्टरी रायफलचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस बाहेर ओढणारा आकडा) मोडला तर सुटा भाग मिळतो. कस्टममध्ये तो भाग ज्याने बनवला त्याच्याकडेच असतो, आणि तो फोन उचलत नाही.

मग कस्टम कोणी घ्यावी? ज्याने फॅक्टरी रायफलने तीन-चारशे गोळ्या मारल्यात आणि ज्याला नेमकं सांगता येतं की मला हे खटकतंय. "मला डावा बोल्ट आणि इतकीच लांबी हवी", "माझा खांदा मोडलाय, मला अमुक कोन हवा", "माझं बॅरल झिजलंय, पुढचं असं पाहिजे". असा गिऱ्हाईक आला की आम्ही खूश व्हायचो. जो यायचा आणि म्हणायचा "बेस्ट बांधून द्या", त्याला काय बांधून देणार, त्याच्याकडे मापच नाही. आणि एक तिसरा प्रकार आहे, हौस. हौसेला मी काही म्हणत नाही, पैसा तुमचा, वस्तू देखणी आहे, रात्री काढून पुसत बसायला मजा येते. फक्त हौसेला गरज म्हणू नका, विशेषतः घरच्यांसमोर. आमच्या सौंना मी २००८ ला गरज म्हणून सांगितलं होतं, आजतागायत भुवईकडे बघून हसते.

तर तुमच्या जागी मी असतो तर, टिक्का स्टेनलेस ७ एमएम-०८. स्टॉक कापून घ्या, त्याच वेळी मऊ रबर. स्कोपमध्ये कंजूषी नको पण जडही नको, ३-१० पटीच्या आसपासचा ३५०-४०० ग्रॅमवाला पुरे, पंधरा पट आणि वीस पट मोठं दाखवणारे ठोकळे नकोत. सप्रेसर. उरलेल्या पैशातून पाचशे राउंड आणि चार जास्तीच्या फेऱ्या, बूट चांगले. राउंड बेंचवरून मारू नका, झिरो झालं, म्हणजे स्कोप आणि गोळी एका जागी जुळले, की बस. बसून, गुडघ्यावर, सॅकवर टेकून, शंभर पायऱ्या धावत चढून लगेच, असं मारा. घरी रिकाम्या रायफलने सराव, डमी राउंड घालून, बॅरलवर नाणं ठेवून घोडा दाबायचा आणि नाणं पडलं नाही पाहिजे. आपल्याकडे एनसीसीच्या पोरांना पण हेच करायला लावतात, जुना उपाय आहे पण याच्या वर काही निघालं नाही. पाचशे राउंडनंतरही ती रायफल जड वाटली तर मग कस्टमवाल्याकडे जा, आणि जाताना तो पाच सकाळींचा घडी घातलेला कागद घेऊन जा.

दोन गोष्टी विचारल्या नाहीत पण सांगतो. एक, टार मारताना मनात काही वाटत असेल तर (माझ्या मनात पहिल्यांदा आलं होतं, आपल्याच हिमालयाचं जनावर ते), तिथे ते १९०४ ला इंग्लंडमधल्या वोबर्नच्या कळपातून आणून माउंट कुकपाशी सोडलेलं. वटवाघूळ सोडलं तर त्या देशात जमिनीवरचं मूळचं सस्तन जनावरच नाही, म्हणून चरणाऱ्या जनावरांपुढे डोंगरातल्या झाडोऱ्याची वाट लागली, १९९३ च्या सरकारी आराखड्यात टारचा आकडा दहा हजारांच्या वर जाऊ नये असं ठरलंय. डॉकचं (तिथल्या सरकारी वन-संवर्धन खात्याचं) परमिट मात्र काढाच, आणि रायफल घेतली की सरकारी शस्त्र-रजिस्ट्रीत नोंद करा, २०२३ पासून ती सक्तीची सुरू झालीय.

दुसरं, सुट्टीत घरी येताना ही रायफल भारतात आणायचा विचार पण करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली इथे शिकारीला बंदी आहे, आर्म्स ऍक्टचं लायसन्स वेगळं, विमानतळावर अख्खी सुट्टी जाईल. हत्यारंच बघायची असतील तर इंदूरला या, बिजासन रोडला बीएसएफचं शस्त्रसंग्रहालय आहे, मी घेऊन जाईन, येताना पोहे-जिलबी.

आणि हो, ते माप पाठवा. जॅकेट घाला, उजवा कोपर काटकोनात वाकवा, कोपराच्या आतल्या घडीपासून घोड्यावरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत किती इंच भरतं ते टेपने मोजायचं, एकट्याने नीट मोजलं जात नाही, कोणाला तरी धरायला सांगा. आकडा कळवलात की स्टॉक किती कापायचा ते सांगतो. गनस्मिथ म्हणाला "अंदाजाने एक इंच काढतो", तर कापू देऊ नका, कापलेलं परत जोडता येत नाही.